झिरो माइलचा माणूस, चाळीस फुटी बोट आणि आठ दिवस

आपल्या नागपूर स्टेशनच्या पिवळ्या बोर्डावर खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीनशे मीटरच्या वर काहीतरी, आणि माझा समुद्राशी आयुष्यभराचा संबंध एवढाच. वीजमंडळात पस्तीस वर्षं काढली, पाणी पाहिलं ते फुटाळा आणि अंबाझरीचं. त्यामुळे मामेभावानं, म्हणजे दादानं, फोनवर "जानेवारीत या बे दोघं, आठ दिवस बोटीवर राहू" म्हटलं तेव्हा मला वाटलं क्रूझ असेल, बुफे वगैरे. दादा मर्चंट नेव्हीत इंजिनियर होता, रिटायर झाल्यावर त्यानं थायलंडमध्ये फुकेतला एक जुनी शिडाची बोट घेतली आणि वर्षातले सहा महिने तो आणि वहिनी त्यावरच राहतात. आमच्या अख्ख्या खानदानात त्याला भैताड, म्हणजे येडा, समजतात, पण कोणी तोंडावर बोलत नाही.

दिवस १

नागपूरहून मुंबई, मुंबईहून फुकेत, घड्याळ दीड तास पुढे केलं. बेटाच्या ईशान्येला आओ पो नावाची जागा आहे, तिथल्या मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यात, बोट उभी होती. चाळीस फूट ऐकायला मोठं वाटतं हो, पण दोन्ही टोकं निमुळती असतात आणि मधल्या भागात किचन, टेबल, दोन केबिन, एक संडास, नकाशाचं टेबल, इंजिन, सगळं कोंबलेलं. आमची केबिन मागच्या बाजूला, झोपताना आधी पाय आत टाकायचे मग आपण सरकायचं, आणि उठून बसलं की डोकं छताला. पहिल्या दिवशी मी चारदा आपटलो.

चपला बोटीत चालत नाहीत, काठावरच्या टोपलीत टाकायच्या. नंतर वहिनीनं संडासाचा क्लास घेतला. हसू नका, हा खरंच वीस मिनिटांचा क्लास होता. बाजूला एक दांडा असतो, तो एकीकडे वळवून समुद्राचं पाणी आत ओढायचं, पंप मारायचा, मग दुसरीकडे वळवून परत पंप, पंधरा-वीस वेळा, आणि आधी पोटात गेलेलं नाही असं काहीही आत टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. शेवटी व्हॉल्व्ह बंद. आता विचार करा, आमची ही, लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी दादासमोर पदर सावरून बसणारी, कारण तो नात्यानं भासरा, म्हणजे मोठा दीर, आणि संडासाचं दार बरोब्बर दादाच्या नकाशाच्या टेबलाला लागून, आणि पंपाचा आवाज असा की आख्ख्या मरीनाला कळावं. ती रात्रभर अडून बसली. दुसऱ्या दिवशीपासून दादा सकाळी सातला आपणहून पुढे डेकवर जाऊन दोऱ्या तपासायचा, अर्धा तास. कोणी काही बोललं नाही पण सगळ्यांना समजलं.

दिवस २

सकाळी निघालो. दादानं टाक्या भरून घेतल्या, गोडं पाणी चारशे लिटर. आठ दिवस, चार माणसं. माझा हिशेब लगेच झाला, माणशी रोज साडेबारा लिटर, पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी सगळं धरून. आपल्याकडे एक बादलीच पंधरा लिटरची असते. पण हिला याचं काहीच वाटलं नाही, तिचं माहेर तिकडे यवतमाळकडचं, उन्हाळ्यात टँकरच्या मागे गुंड (म्हणजे हंडा) घेऊन पळालेली बाई ती. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि गोड्या पाण्यानं नुसती विसळायची, हे तिनं असं उचललं की वहिनीचं पाणी जास्त जायला लागलं.

आंघोळीची गंमत सांगतो. समुद्रात उडी मारायची, वर येऊन साबण लावायचा, परत उडी, आणि शेवटी गोड्या पाण्यानं मीठ धुवायचं. ते धुवायला दादानं ठेवला होता फवारणीचा पंप! तोच हो, आपले लोक कपाशीवर मारतात तो, पाठीवरचा नाही, हातात धरायचा छोटा. हवा भरायची, नळी डोक्यावर धरायची, दीड लिटरमध्ये माणूस लख्ख. दादा म्हणाला अनेक बोटवाले असाच वापरतात. काळं झाकण असलेला पंप दुपारभर डेकवर उन्हात ठेवला की संध्याकाळी गरम पाणी. फक्त त्याचं प्लॅस्टिकचं नोझल गळत होतं आणि दादा रोज त्याला शिव्या घालत होता, हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

वारा ईशान्येचा होता, इथे नोव्हेंबर ते एप्रिल तोच असतो, म्हणून हा सीझन. शिडं उघडली, इंजिन बंद केलं आणि बोट एका बाजूला कलली. कलली म्हणजे चांगली पंधरा-वीस अंश, टेबलावरचा चिवड्याचा डबा सरळ माझ्या मांडीवर. मी घाबरून म्हटलं, "दादा, उलटते का काय?" तर तो म्हणे, "खाली कीलमध्ये, तळाच्या पात्यात, टनांनी वजन आहे बे, जितकी कलंडेल तितक्या जोरात सरळ यायला पाहते. तू चिवडा सांभाळ." स्पीड होता पाच नॉट, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर. माझी लुना याच्यापेक्षा जोरात जायची. या हिशेबानं नागपूरहून वर्ध्याला जायला आठ तास लागतील. पण त्या पाच नॉटमध्येही दोघं नवरा-बायको सतत काही ना काही करत होते, ही दोरी सैल, ती विंचच्या चरखीवर ताण, वर शिडावरच्या लोकरीच्या दोऱ्या सरळ उडतात का बघ.

दुपारी फांग-ङा आखातात, को फनाक नावाच्या बेटाच्या आडोशाला अँकर टाकला. समुद्रातून सरळ वर उठलेले चुनखडीचे उभे कडे, त्यावर झाडी लोंबतेय, आणि पाणी निळं नाही, हिरवट गढूळ, कारण आखातात नद्यांचा गाळ येतो. फोटोतलं निळं पाणी दक्षिणेकडे आहे म्हणे.

अँकर म्हणजे मला वाटायचं जड लोखंड टाकलं की बोट थांबली. तसं नाही. खोली सहा मीटर, भरतीला तीन मीटर वाढणार, बोटीचं नाक पाण्याच्या वर एक मीटर, झाले दहा, आणि त्याच्या पाचपट साखळी सोडायची, म्हणजे पन्नास मीटर. कारण साखळी तळावर आडवी पडली पाहिजे, तेव्हाच अँकरचं टोक चिखलात रुततं, वरून ओढलं तर उपटून येतं. साखळीवर दर दहा मीटरला रंगाचे पट्टे मारलेले. मग इंजिन रिव्हर्स घालून ओढून बघायचं आणि काठावरचे दोन दगड एका रेषेत धरून बघत राहायचं, रेषा हलली तर बोट सरकतेय. पोल पुरताना आम्ही स्टे-वायरला जो ताण देतो ना, डोकं तेच.

दिवस ३

पौर्णिमा. म्हणजे उधाणाची भरती, पाण्याचा चढउतार सगळ्यात जास्त. या दिवसासाठीच दादानं तारखा धरल्या होत्या कारण को फनाकच्या पोटात हाँग आहेत. थाई भाषेत हाँग म्हणजे खोली. बेट बाहेरून भरीव दिसतं पण आत विहिरीसारखी मोकळी जागा, वर आभाळ, आणि तिथे जायचा रस्ता म्हणजे पाण्याच्या पातळीवरची गुहा, भरतीला बुडते, ओहोटीला उघडते. दुपारी अडीचला पाणी उतरत असताना निघालो, मी आणि ही एका फुगवायच्या कायाकमध्ये, दादा पुढे. तो म्हणाला उतरत्या पाण्यात जायचं, अडकलोच तर चिखलात अडकू, छत डोक्यावर येणार नाही. हे ऐकून धीर यायला पाहिजे होता.

आत मिट्ट काळोख. हेडलाइटच्या उजेडात छताला वटवाघळांचे झुबके, आणि वास, बाप्पा रे, जुन्या वाड्याच्या माळ्यावर असतो तो वास शंभरपट. एका ठिकाणी छत इतकं खाली की पाठीवर झोपून हातानं दगड ढकलत पुढे सरकायचं. माझं नाक आणि दगड यात वीतभर अंतर, दगडावर छोट्या कालवांच्या धारदार कडा चिकटलेल्या, आणि ही मागून विचारतेय, "अहो, दूध बंद करायला सांगितलं होतं का गवळ्याला?" खरंच विचारलं. मी हो म्हटलं. (नव्हतं सांगितलं.)

बाहेर निघालो तर एकदम उजेड. चारी बाजूंनी दीड-दोनशे फुटांच्या भिंती, वर आभाळाचा गोल तुकडा, मधे गुडघाभर पाणी आणि खारफुटीची झाडं, मुळं कोळ्याच्या पायासारखी वर आलेली. चिखलात बोटभर मासे चक्क चालत होते, पुढच्या परांवर टेकून, डोळे डोक्यावर. निवटी म्हणतात त्यांना कोकणात, असं दादानं सांगितलं. एक माकड खेकडा फोडत बसलं होतं, त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि परत कामाला लागलं. बायको बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "भाऊजी, इथं बोललं तर चालते का?" दादा म्हणाला, "हळू."

संध्याकाळी जेम्स बॉण्ड बेटाकडे गेलो नाही. लांबून टूरिस्टांच्या स्पीडबोटींची रांग दिसली तेवढं पुरे. त्यापेक्षा पलीकडचं को पन्यी बघायचं होतं, खांबांवर उभं केलेलं कोळ्यांचं गाव, मशीद, शाळा, दुकानं, आणि पोरांसाठी पाण्यावर तरंगणारं फुटबॉलचं मैदान, पण पाणी उथळ आणि आमच्या बोटीला एक मीटर नव्वद सेंटिमीटर लागतं, उधाणाच्या ओहोटीत दादाला धोका घ्यायचा नव्हता. राहिलं.

दिवस ४

को याओ नोई. या बेटावर बेत असा की भाजी घ्यायची आणि आराम. गाव बहुतेक मुसलमान कोळ्यांचं आणि रबराच्या बागायतीचं, घरासमोर दोरीवर रबराच्या पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या, लांबून वाटतं कोणी टॉवेल धुतलेत. नारळावर धनेश पक्ष्यांची जोडी. बाजारात सांबार मिळाला, (पुण्या-मुंबईच्या लोकांनी कोथिंबीर वाचावं), आलू मिळाले, भेदरं (म्हणजे टमाटे) मिळाली, आणि घरून आणलेल्या पोह्यांचं व सावजी मसाल्याचं सोनं झालं. बोटीवरची शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते, बोट कलली तरी गंज (म्हणजे पातेलं) सरळ राहतो. आणि गॅस वापरून झाला की प्रत्येक वेळी सिलेंडरवरूनच बंद, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळात साचून बसतो आणि एक ठिणगी पुरते. तर्रीपोहे झाले. तर्री इतकी जमली की बाजूच्या बोटीवरचा एक म्हातारा गोरा डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, वास घेत आला. त्याला एक वाटी दिली, त्यानं दोन घास खाल्ले, लालबुंद झाला, थँक्यू म्हणून निघून गेला.

खरी मजा रात्री. मजा म्हणजे आता म्हणतोय. दीड-दोनच्या सुमारास वारा वाढला, वारा एकीकडून आणि भरतीचा प्रवाह दुसरीकडून, बोट धड इकडे नाही धड तिकडे, आणि साखळी तळावरून घासते त्याचा आवाज थेट उशीतून ऐकू येतो, घर्रर्र, मग शांत, मग घर्रर्र. दादा कधीचाच वर होता. मी गेलो तर तो म्हणाला, "आपली पक्की आहे. तो पाहा." चांदण्यात एक मोठी कॅटॅमरान, म्हणजे जोडबोट, भाड्यानं घेतलेली पार्टी असावी, संध्याकाळी आमच्या पुढे येऊन थांबली होती, ती हळूहळू मोठी होत होती. म्हणजे आमच्याकडे येत होती! साखळी कमी सोडली असणार, अँकर उपटलेला, आणि आत सगळे गाढ झोपेत. दादानं हॉर्न वाजवला. काही नाही. परत. मी टॉर्च त्यांच्या खिडकीवर मारतोय, वहिनी बाजूला फेंडर लटकावतेय, ते रबराचे फुगे, आणि आमची ही, नाइटगाऊनवर स्वेटर, हातात स्टीलचा गंज आणि डाव, आणि तिनं जो बडवायला घेतला ना, आणि वर अस्सल आवाजात, "ओ भाऊऽऽ! उठा ना जी! बोट चालली तुमची!"

तिच्या त्या ओरडण्यानं उठले. एक पोट्टं चड्डीवर बाहेर आलं, इकडेतिकडे बघतंय, अंतर तोपर्यंत दहा-बारा फूट. दादानं आमची थोडी साखळी सोडून बोट मागे घेतली, त्यांनी इंजिन चालू केलं, आणि ती भिंत अशी सरकत आमच्या नाकासमोरून गेली. हात लावता आला असता. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. नंतर वहिनीनं चहा टाकला आणि चौघंही बराच वेळ वरच बसलो. त्या रात्रीनंतर भासरा-बिसरा सगळं संपलं, ही दादाला सरळ म्हणाली, "भाऊजी, हा गंज चेपला, नवा घ्या."

दिवस ५

झोपलो. दुपारी मी दादाच्या बॅटऱ्या पाहिल्या, मला तेवढंच येतं. बारा व्होल्ट, चारशे अँपिअर-अवर, लेड-ॲसिड असल्यानं त्यातले अर्धेच वापरायचे नाही तर प्लेटा जातात. एकटा फ्रिज दिवसाला साठेक खातो. वर तीनशे वॅटचे सोलर. ढग आले की दादा आधी फ्रिज बंद करतो. मी म्हटलं, म्हणजे तू स्वतःच्याच घरात लोडशेडिंग करतो. एका टर्मिनलला हिरवा गंज चढला होता, तो घासून व्हॅसलीन लावलं, व्होल्टेज सुधारलं, आठ दिवसांत माझा बोटीला झालेला उपयोग हा.

दिवस ६

रायले. ही जागा जमिनीलाच जोडलेली आहे पण मागे इतके उभे कडे की रस्ता नाही, बोटीनंच यावं लागतं. इथून पाणी निळं सुरू झालं. काठाला लाँगटेल बोटी, लाकडी, मागे गाडीचं इंजिन उघडंच बसवलेलं आणि त्याला लांबलचक दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. आवाज असा की बुलेट परवडली. पण प्रत्येक बोटीच्या नाकाला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा, बोटीत देवी असते म्हणतात, तिच्यासाठी. आपल्या ट्रकला लिंबू-मिरची, त्यातलंच. बाजूच्या गुहेत समुद्रातल्या राजकन्येचं देवस्थान आहे, तिला लाकडाची लिंगं वाहतात, ढीगच्या ढीग, लाल रंगवलेली, काही माझ्या उंचीची. आमच्या दोघींनी तिथे फोटो काढायला ठाम नकार दिला आणि नंतर बोटीवर तासभर त्यावरच हसत होत्या.

रात्री आठला, चंद्र उगवायच्या आधी, वहिनीनं मागच्या शिडीवर बसून पाय पाण्यात घालायला सांगितलं. घातले, आणि पायाभोवती निळसर ठिणग्या. पाण्यात सूक्ष्म जीव असतात, हलवलं की चमकतात. हात फिरवला तर हाताचा आकार उजळतो. मी साठीला आलेला माणूस, अर्धा तास पाण्यात हात हलवत बसलो.

दादानं उत्तरेला ध्रुवतारा शोधायला लावला. मी सवयीनं वर पाहतोय, सापडेना. तो पार खाली होता, डोंगराच्या खांद्याला टेकलेला, फिकट. ध्रुव क्षितिजापासून जितक्या अंशांवर, तितकं आपलं अक्षांश. नागपूरला एकवीस, इथे आठ. म्हणजे आपण तेरा अंश खाली आलो, आणि एक अंश म्हणजे साठ सागरी मैल, झाले सातशे ऐंशी. तेवढा दक्षिणेला आलोय हे मला विमानात समजलं नव्हतं, इथे मान खाली करावी लागली तेव्हा समजलं.

दिवस ७

फी फी बेटांकडे वीसेक मैल, उघडा समुद्र, मागून तिरप्या लाटा. अव्होमिन सकाळीच घ्यायला सांगितली होती, मी म्हटलं आता सवय झाली. शहाणपण नडलं. खाली जाऊन मोबाइल चार्जिंगला लावायला दोन मिनिटं वाकलो आणि संपलं. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, कान सांगतो हलतेय, डोक्याचा गोंधळ होतो. संत्रा बर्फी, पोहे, सगळं अंदमान समुद्राला अर्पण. दादानं मला सरळ सुकाणूवर बसवलं, म्हणे क्षितिजाकडे बघ आणि चालव. खरंच वीस मिनिटांत बरं वाटलं. बायकोला काही झालं नाही, ती समोर बसून आलेपाक चघळत माझ्याकडे बघत होती.

तिथला माया बे नावाचा किनारा बाहेरूनच पाहिला. माणसांच्या गर्दीनं पोवळी मरायला लागली म्हणून २०१८ ला बंद केला होता, २०२२ ला उघडला, आता बोटी आत येऊ देत नाहीत, मागच्या बाजूला उतरून चालत जायचं. रांग पाहून दादा म्हणाला, जायचं का? तिघंही नाही म्हणाले.

दिवस ८

परत फुकेत, चालोंगचं आखात. पंचवीसेक मैल, बराच वेळ शिडावर. किनाऱ्याच्या कितीतरी आधी डोंगरावरची बुद्धमूर्ती दिसायला लागली, पांढऱ्या संगमरवराची, पंचेचाळीस मीटर उंच. दादा तिच्यावरच नाक धरून बोट नेत होता. हिनं लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, आपल्या दीक्षाभूमीचा स्तूपही गच्चीवरून असाच दिसायचा ना आधी, मधल्या बिल्डिंगा झाल्या नव्हत्या तेव्हा. टाकीत शेवटी नव्वद लिटर पाणी उरलं होतं. वहिनी म्हणाली पाहुणे आल्यावर उरलं असं पहिल्यांदाच.

निघताना दादानं एकच काम सांगितलं. ते गळकं नोझल. "तिकडे पितळी मिळते बे, पाठव दोन पंप."

परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी कॉटन मार्केटजवळ फवारणीच्या सामानाच्या दुकानात गेलो, हातात धरायचा दोन लिटरचा, पितळी नोझलचा मागितला. दुकानदारानं चार प्रकारचे काढून ठेवले आणि विचारलं, "कायवर मारायचं आहे काका? कपाशी का संत्रा?"

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "भासऱ्यावर."